पन्नास पैशांच्या आत

"शिडी कुठं टेकवलीय?"

2024 चा जानेवारी, बीड जिल्ह्याच्या धारूर तालुक्यातलं डोंगराकडचं एक गाव. ओट्यावर बसलेल्या आजींनी मला हे विचारलं, आणि पाच दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये याचं उत्तर काही शिकवलेलं नव्हतं. माझ्या हातात लॅमिनेट केलेलं शो-कार्ड होतं. त्यावर शिडीचं चित्र, तळाशी शून्य, टोकाला दहा. मी पाठ केलेलं वाक्य म्हणून झालं होतं : सगळ्यात वरच्या पायरीवर तुमच्यासाठी शक्य असलेलं सगळ्यात चांगलं आयुष्य, सगळ्यात खालच्या पायरीवर सगळ्यात वाईट, तर आजघडीला तुम्ही कितव्या पायरीवर आहात असं तुम्हाला वाटतं?

आजींनी कार्ड हातात घेतलं, उलटं करून मागं काही आहे का ते पाहिलं, परत सुलटं केलं.

"भिंतीला टेकवलीय का झाडाला? अशी मोकळी शिडी कोन चढंल, बाई?"

ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं की समोरच्याला कळलं नाही तर प्रश्न जशाच्या तसा पुन्हा वाचायचा. समजावून सांगायचं नाही, उदाहरण द्यायचं नाही. मी पुन्हा वाचला. आजी म्हणाल्या, "ऐकू आलंय मला."

लातूरला समाजशास्त्रात एम.ए. करून मी घरी बसले होते. एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप आला : सर्व्हेसाठी मुली पाहिजेत, दीड महिना, रोजावर पैसे, राहणं-खाणं संस्थेकडे. सर्व्हे कशाचा, तर लोकांचं कसं चाललंय आणि लोकांना काय वाटतं याचा. म्हणजे उत्पन्न, आजारपण, कर्ज हे तर होतंच, पण त्यासोबत तुम्ही आयुष्यात किती समाधानी आहात, लोकांवर विश्वास ठेवता का, बायकांनी नोकरी करावी का, शेजारी कोण चालेल आणि कोण नको, असं सगळं. मला वाटलं, सोपं आहे. विचारायचं आणि बटण दाबायचं.

बीडला एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये ट्रेनिंग झालं. शिकवायला सरकारी सांख्यिकी खात्यातून निवृत्त झालेले एक सर होते. पहिल्या दिवशी त्यांनी टॅबला हातही लावू दिला नाही. पीक कापणी प्रयोगाची गोष्ट सांगत बसले. आम्ही सगळी शेतकऱ्यांची पोरं, पीकविमा त्याच प्रयोगावर ठरतो हे माहीत होतं, त्यामुळे कान टवकारले.

गोष्ट अशी. 1940 च्या दशकात देशात धान्य किती पिकतं याचा धड अंदाज कुणाला नव्हता. कलकत्त्याला संख्याशास्त्रज्ञ महालनोबीस नमुना पाहणीचं शास्त्र उभं करत होते. त्यांच्या पद्धतीत शेतात छोटंसं वर्तुळ आखायचं, तेवढंच पीक कापायचं आणि तोलायचं. दिल्लीत दुसरे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे होते, सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. त्यांनी लहान आणि मोठे तुकडे एकाच भागात कापून पाहिले, तर लहान तुकड्यांतून उतारा जास्त निघत होता. मोजणारा लबाड नसतानाही. कारण साधं आहे. वर्तुळ लहान, म्हणजे आतल्या जागेच्या मानाने काठ मोठा. काठावर उभं असलेलं पिकाचं ताट आत धरायचं की बाहेर, हा प्रश्न आला की माणसाचा हात ते आत ओढतो. शंभर जागी शंभर काठावरची कणसं आत आली की देशाचं पीक वाढलेलं दिसतं.

"तुम्ही माणसाचं मन मोजायला निघालाय," सर म्हणाले, "तिथं सगळा काठच आहे."

तेव्हा आम्ही हसलो होतो. जेवायची वेळ झाली होती, हेही एक कारण.

शिडीचा प्रश्न अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांचा, 1960 च्या दशकातला. त्यांनी तेव्हा ज्या देशांत तो विचारून पाहिला त्यांत भारतही होता. आता गॅलप ही संस्था तोच प्रश्न जगभर विचारते आणि दर मार्चमध्ये पेपरात येणारी आनंदी देशांची यादी त्याच उत्तरांवर बनते. पेपर 'आनंदी' म्हणतो, पण प्रश्नात आनंद हा शब्दच नाही. हे मला ट्रेनिंगमध्ये कळलं आणि थोडी फसवणूक झाल्यासारखं वाटलं.

आमच्या फॉर्ममध्ये शिडी अगदी सुरुवातीला होती, नाव-गाव झालं की लगेच. त्यालाही कारण होतं. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या अँगस डीटन यांनी गॅलपचे अमेरिकेतले रोजचे आकडे तपासले तेव्हा दिसलं, की आधी राजकारणाचे प्रश्न विचारले की मागोमाग विचारलेल्या शिडीवर लोक खाली उतरतात. देश कसा चाललाय असं विचारल्यावर स्वतःचं आयुष्यही वाईट वाटायला लागतं. म्हणून शिडी आधी, बाकीचं नंतर. ही काळजी मला फार शहाणपणाची वाटली होती. गावात पाय ठेवेपर्यंत.

कारण त्या महिन्यात महाराष्ट्रात एकच सर्व्हे चालू होता असं लोकांना वाटत होतं. 23 जानेवारीपासून राज्य मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक, तलाठी, अंगणवाडीताई घरोघर फिरत होत्या. आधीचे चार महिने मराठा आरक्षणावरून जिल्हा पेटलेला होता. आमच्या गळ्यात ओळखपत्र आणि हातात टॅब दिसला की पारावरचा पहिला प्रश्न, "आरक्षनाचं का?" नाही म्हटलं तर दुसरा, "मग कशाचं?" आणि तिसरा, जो कुठल्याही गावात चुकत नाही, "आडनाव काय ताई तुमचं?"

आम्हाला फक्त पहिलं नाव सांगायची सूचना होती. ती पाळणं म्हणजे मराठवाड्यात अर्धा तास उभं राहणं. नाव सांगितलं की गाव विचारतात, गाव सांगितलं की त्या गावातलं कुणीतरी पाहुणं निघतं, आणि दहाव्या मिनिटाला तुमची जात त्यांना कळलेली असते. ती कळली की पुढचं उत्तर त्या मापाने येतं. माझ्या जोडीदार ताईंची आणि माझी जात वेगळी. एकाच गल्लीत समोरासमोरच्या घरांत आम्ही दोघींनी शेजाराचा प्रश्न विचारला, कुठल्या लोकांचा शेजार तुम्हाला नको? ताईंना ज्या जातीबद्दल मोकळेपणाने सांगितलं गेलं, ती जात माझ्यासमोर कुणाच्याच तोंडून आली नाही. संध्याकाळी आम्ही दोघींनी टॅब शेजारी ठेवून पाहिलं आणि गप्प बसलो. दोन्ही फॉर्म नियमाने भरलेले होते.

मग टॅबमध्ये शिडी आधी ठेवून काय साधलं? राजकारणाचा प्रश्न आमच्या आधी गावानेच विचारून टाकलेला असायचा.

त्याही आधीचा घोळ म्हणजे कुलपं. घरांची निवड मोजून होते. गावातली सगळी घरं लिहून काढायची, त्याला लिस्टिंग म्हणतात, आणि मग ठरावीक अंतराने अमुक क्रमांकाचं घर. ते सोडून शेजारचं घेता येत नाही. जायचं ते त्याच घरी, तीन वेळा, वेगवेगळ्या वेळी. गावं निवडली होती ती 2011 च्या जनगणनेच्या यादीवरून, कारण 2021 ची झालीच नाही. यादीत ज्या वस्तीत साठ घरं, तिथं लिस्टिंगला आम्हाला शंभराच्या आसपास दारं मिळाली, आणि निम्म्याहून जास्त दारांना कुलूप.

जानेवारीत धारूरच्या डोंगराकडच्या वस्त्यांवर दुसरं काय मिळणार? दिवाळी झाली की ट्रॅक्टर भरून माणसं साखर कारखान्यांकडे जातात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा. मागं म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि शेळ्या. लोकांचं कसं चाललंय हे मोजायचा सर्व्हे आणि ज्यांचं सगळ्यात ओढाताणीचं चाललंय तीच माणसं गावात नाहीत. मी सुपरवायझर सरांना फोन केला. ते म्हणाले, कुलूप तर कुलूप, कोड टाका, तिसऱ्या वेळेला फोटो काढा आणि पुढं चला. सर्व्हे एप्रिलमध्ये का नाही घेतला, असं मी विचारलं. ते म्हणाले, मार्चअखेर निधी संपतो.

शिडीवाल्या आजी अशाच एका वस्तीवरच्या. मुलगा-सून कर्नाटकात, तीन नातवंडं यांच्याकडे. टॅबने घरातल्या मोठ्या माणसांमधून एकाची निवड करायची असते, इथं निवडायला दुसरं कुणी नव्हतंच.

"आजी, एक आकडा सांगा ना. शून्य ते दहा."

"कुनाचा आकडा सांगू? माजा का लेकाचा?"

"तुमचा."

"माजा येगळा कुठून आनू?"

'सांगता येत नाही' असा एक कोड होता, 98. तो शक्य तितका कमी वापरायचा, दिवसाला दोनच्या वर गेला तर सुपरवायझर विचारणार. आजींचा मी 98 टाकला आणि खाली 'शेरा' म्हणून एक मोकळी जागा होती तिथं लिहिलं, 'शिडी कशाला टेकवली आहे ते विचारतात.' लिहिताना मला हसू येत होतं. परत येताना मात्र वाटलं की यापेक्षा नेमका आक्षेप कँट्रिलवर कुणी घेतला नसेल.

शिडी ही एकट्याने चढायची गोष्ट आहे. 'तुमच्यासाठी शक्य असलेलं सगळ्यात चांगलं आयुष्य' हे वाक्य मी पुढच्या महिन्याभरात दोनशेच्या वर वेळा म्हटलं असेल. त्यातला 'तुमच्यासाठी' कुणाच्याही कानात शिरत नसे. पुरुष गावातल्या सगळ्यात मोठ्या माणसाकडे पाहून आकडा सांगत. बायका लेकरांकडे पाहून. एक माळकरी आजोबा दहा म्हणाले, ताडकन. झोपडीवजा घर, मोतीबिंदू झालेला डोळा. मी नियमाप्रमाणे दहा दाबलं, पण चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं. पुढं समाधानाचा प्रश्न आला, तुम्ही आयुष्याबद्दल किती समाधानी आहात? ते म्हणाले, "समाधान हाय का नाय असं नसतंय, ते ठिवायचं असतंय." इंग्रजीत हा प्रश्न कसा वाजतो देव जाणे, पण मराठीत समाधान हा सद्गुण आहे. असमाधानी आहे म्हणणं म्हणजे आपल्यात खोट आहे असं कबूल करणं. आणि फार सुखी आहे म्हणायचीही चोरी, दृष्ट लागते. एका बाईंनी नऊ सांगितलं, लगेच पोराला जवळ ओढलं आणि म्हणाल्या, "सात लिवा."

विश्वासाच्या प्रश्नावर फार बोलायला नको. 1981 पासून जगभर मूल्यांची जी पाहणी चालते तिच्यातला हा नावाजलेला प्रश्न, बहुतेक माणसांवर विश्वास ठेवता येतो की जपूनच राहावं? आमच्याकडे प्रत्येक जण एकच प्रतिप्रश्न करी, "कोन्च्या मानसांवर?" आणि खरं सांगायचं तर मलाही माहीत नव्हतं.

बायकांच्या भागाबद्दल मात्र सांगायला हवं. त्यात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या धर्तीवरचे सात प्रश्न होते. न सांगता बाहेर गेली, घराकडं-लेकरांकडं दुर्लक्ष केलं, उलटून बोलली, स्वयंपाक नीट केला नाही, अशी एकेक कारणं वाचायची आणि विचारायचं, अशा वेळी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे का? 2019-21 च्या त्या पाहणीत देशातल्या 45 टक्के बायकांनी निदान एका कारणाला 'हो' म्हटलं होतं, पुरुषांनी 44 टक्के. एम.ए.ला हा आकडा आम्ही फार चघळला होता. बायकाच कशा पुरुषसत्तेच्या वाहक असतात, यावर मी चार पानी निबंधही लिहिला होता.

हे प्रश्न एकांतातच विचारायचे. एकांत! दोन खोल्यांचं घर, ओट्यावर सासू, दारात दीर, खिडकीला चार पोरं. आमची युक्ती ठरलेली होती. ताई सासूबाईंना म्हणायच्या, मावशी, तुमचाही फॉर्म भरायचाय, तुम्ही मोठ्या, तुमचं आधी. त्यांना गोठ्याकडे नेऊन देवधर्माचे, गुडघेदुखीचे खोटे प्रश्न विचारत बसायच्या. तेवढ्या वीस मिनिटांत मी आत सुनेला गाठायचे.

अशीच एक माझ्याच वयाची. मी वाचलं, न सांगता बाहेर गेली तर नवऱ्याने मारणं योग्य आहे का? ती म्हणाली, "मग! मारनारच की." मी 'हो' वर बोट नेलं आणि थांबले. तिने मला 'योग्य आहे' सांगितलं होतं की 'असं होतं' सांगितलं होतं? प्रश्न पुन्हा वाचायची मुभा होती, वाचला. 'योग्य' या शब्दावर जरा जोर देऊन, जो द्यायचा नसतो. ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "योग्य कशाला आसंल. पन मारत्यातच ना."

टॅबमध्ये 'नाही' गेलं. त्याच्या आधीच्या दिवशी अशाच 'मारनारच की' ला मी तीन घरांत 'हो' दाबलं होतं. त्या तिघींना मी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. 45 टक्के खोटे आहेत असं मी म्हणत नाही, त्या पाहणीचं ट्रेनिंग आमच्यापेक्षा कितीतरी कडक असतं. मला फक्त माझ्या निबंधाची लाज वाटली.

उलट, जिथं मत विचारायचं नव्हतं तिथं काम चोख व्हायचं. काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाला काय केलं, एवढंच लिहायचं. सरकारच्या वेळ-वापराच्या पाहणीची हीच रीत. सुरुवात नेहमी सारखी, "काल? काल काय नाय, घरीच व्हते." मग चारपासून सुरू. पाणी, चूल, शेण, भाकरी, पोरांची शाळा, रानात खुरपणं, परत पाणी. रात्री दहापर्यंत आलो की ती बाई स्वतःच थबकायची. 2019 च्या पाहणीत देशातल्या घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला 299 मिनिटं गेली होती आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची 97. हे आकडे मी त्यांना सांगत नसे, तशी परवानगी नव्हती. पण एकीने रकाने भरून झाल्यावर टॅबवरची उभी यादी पाहिली आणि म्हणाली, "एवढं करती व्हय मी?" आणि शिडीवरचा मघाचा आकडा बदलता येईल का विचारलं. येत नव्हता. मागे जायचं बटण लॉक असतं.

आता माझी चूक.

फेब्रुवारीचा पहिला आठवडा, पाचवं गाव. दिवस मावळला होता, शेवटची वडाप निघायच्या बेतात. निवडलेले काका रानातून नुकतेच आलेले, कोरडवाहू चार एकर, त्यात ज्वारी कंबरेच्या खालीच राहिलेली. 2023 चा पावसाळा असा गेला होता की ऑक्टोबरअखेर सरकारने राज्यातल्या ज्या 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला त्यांत धारूर होतं. काका उभ्याउभ्याच बोलत होते. मी आधी संमतीचा परिच्छेद वाचला : ही माहिती अभ्यासासाठी आहे, यातून तुम्हाला थेट कुठलाही लाभ मिळणार नाही, तुम्ही कधीही थांबू शकता. ते म्हणाले, हं. मग शिडी काढली आणि तेवढ्यात त्यांना फोन आला. बोअरच्या मोटारीचं काहीतरी होतं. ते बोलत बोलत अंगणाच्या पलीकडे गेले. ताई तिकडून हाका मारत होत्या. उत्तर भरल्याशिवाय टॅब पुढचं पान उघडत नाही. त्या दिवशी माझे दोन 98 आधीच झाले होते.

मी पाच दाबलं.

इतकं सहज, की दाबल्यावर मला वाईटसुद्धा वाटलं नाही. माणूस बरा दिसत होता, घर पक्कं होतं, दुष्काळ होता. पाचच सांगितलं असतं त्यांनी. काका परत आले, बाकीचे प्रश्न झाले, आम्ही वडाप पकडली. गाडीत मला सरांचं काठावरचं कणीस आठवलं आणि मी खिडकीबाहेर बघत बसले.

दहातल्या एका फॉर्मची फोनवर उलटतपासणी होते, बॅकचेक म्हणतात. तीन दिवसांनी सुपरवायझर सरांनी नेमका तोच नंबर लावला. शिडीचं चित्र दाखवलं होतं का? काका प्रामाणिकपणे म्हणाले, चित्र दावलं, पन इचारलं न्हाई. संध्याकाळी सगळ्यांसमोर माझी बोलणी झाली. त्या दिवसाचे माझे सगळे फॉर्म बाद, सगळ्या घरी पुन्हा जायचं, त्या दिवसाचा रोज नाही. मला राग आला तो रोज कापल्याचा. बाकी त्यांचं सगळं बरोबर होतं.

मार्चमध्ये फील्ड संपल्यावर आमच्यातल्या चौघींना ऑफिसात डेटा साफ करायला बोलावलं. तिथं एसी होता आणि कुणी आडनाव विचारत नव्हतं, कारण ते बिल्ल्यावर छापलेलं होतं. आकडेशास्त्र बघणाऱ्या मॅडमनी पडद्यावर शिडीच्या उत्तरांचा आलेख काढला. पाचवर उंच खांब. त्या म्हणाल्या, पाच म्हणजे बहुतेकदा 'मला यात पाडू नका' असं उत्तर असतं. मग त्यांनी कुलपांचं काय करतात ते दाखवलं. जी घरं मिळाली नाहीत त्यांचा भार त्याच गावातल्या मिळालेल्या घरांवर टाकतात. एका फॉर्मला एकऐवजी दीड, कधी दोन माणसांचं वजन. म्हणजे जे घरी राहू शकले त्यांच्या उत्तरावरून, ज्यांना जावं लागलं त्यांची पायरी. मी म्हटलं, मॅडम, हे उलटंच आहे. त्या म्हणाल्या, "हो. पण काहीच न करणं याहून उलटं आहे." मग त्यांनी अहवालात 'हंगामी स्थलांतर' असा एक परिच्छेद घालायचं कबूल केलं, घातलाही. आजींच्या ओळीत 98 होता, म्हणून सरासरीत त्या नव्हत्या. शेऱ्याचा रकाना शेवटच्या फाइलमध्ये घेत नाहीत.

त्याच आठवड्यात, 20 मार्चला, जगाची यादी आली. फिनलंड पहिला, भारत 143 देशांत 126 वा. ऑफिसात एकाने मोठ्याने वाचून दाखवलं आणि दोघं-तिघं तावातावाने बोलू लागले, आपल्यापेक्षा पाकिस्तान वर कसा, सगळं बनवाबनवीचं आहे. मी काही बोलले नाही. बनवाबनवी नव्हे, हे मला माहीत होतं. कुठंतरी कुणीतरी माझ्यासारखीच कार्ड घेऊन उभी राहिली असणार, तिची वडाप निघत असणार.

माझ्या बाद फॉर्मची ओळ साफसफाईत पुन्हा वर आली. एकाच माणसाच्या दोन नोंदी, तारखा वेगळ्या, शिडीचं उत्तर आधी पाच आणि मग चार. शेजारच्या मुलाने विचारलं, "यातलं खरं कोणतं?"

"चार. त्यांनी स्वतः सांगितलंय."

त्याने पाचची ओळ काढून टाकली.

ते चार असं आलं होतं. पुन्हा गेले तेव्हा सकाळची वेळ होती. काकांनी खाट टाकली, चहा सांगितला. मी कार्ड पुढं धरलं, वाक्य सावकाश, पूर्ण म्हटलं. त्यांनी कार्ड गुडघ्यावर ठेवलं आणि विचारलं, "परवा किती लिवलं व्हतं?"

सांगायचं नसतं. मी सांगितलं. चूक माझी होती, लपवायचं कुठल्या तोंडाने. "पाच."

"धापैकी पाच." ते जरा थांबले. "म्हंजे पन्नास पैशे."

मला लागलीच कळलं ते काय म्हणतात. पैसेवारी. गावाचं पीक रुपयात किती पैसे आलं याचा सरकारी अंदाज. पन्नास पैशांच्या आत धरलं तर दुष्काळ, त्याच्या वर गेलं तर सगळं ठीक, हा जुना हिशोब. बापजाद्यांपासून या माणसांची एकच शिडी, आणि तिच्यावर एकच पायरी महत्त्वाची.

"पाच नका ठिवू ताई," ते म्हणाले. "पाचावर दोन्हीकडून जातंय मानूस. चार करा. आतमदी ऱ्हाऊ द्या."

मी म्हटलं, "काका, ही पैसेवारी नाही. तुम्हाला तुमचं आयुष्य कसं वाटतं ते विचारलंय. यातून काही मिळणार नाही, मी मागं वाचून दाखवलं होतं बघा."

"व्हय, वाचलं व्हतं," ते म्हणाले. "समदे तसंच वाचत्यात." आणि चहाची बशी माझ्याकडे सरकवत विचारलं, "यादी कधी लागंल?"